खिडकीजवळचा रंधा

मी मेलेल्यांना आंघोळ घालते. माझी आई घालायची, तिच्यामागे मी. माझ्या कुंपणापलीकडे इरिमिये बोदेया राहतो, तो त्यांना पेटी करतो. आमच्या डोंगरातल्या या गावात माणसाचं शेवटचं जे काही असतं ते या दोन घरांतून जातं, त्यामुळे लोक आम्हाला नमस्कार जरा लांबूनच करतात. करोत बापडे. शेवटी येतात आमच्याच दारात.

आता इरिमिये काही नुसत्या पेट्याच करत बसत नाही. या गावातली निम्मी दारं, पलंग, टेबलं त्याच्याच हातची. स्वयंपाकघराला लागून एक खोली, तिला एक खिडकी, खिडकीखाली कामाचं बाक. नवी करवत घ्यायची तर तो दात बघत नाही. पातं वाकवून सोडतो आणि कानाशी धरतो. पटाशी घ्यायची तर अंगठ्याच्या नखावर टेकवून बघतो, घसरली की परत ठेवतो. एकदा एक हातोडी निवडायला त्याने अख्खी सकाळ घेतली होती. रोझालिया, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली होती, "मला बघायला आला तेव्हा पंधरा मिनिटांत हो म्हणाला. हातोडीला चार तास. ह्यावरून काय ते समज, साफ्ता."

त्याच्याकडे सगळी हत्यारं दोन-दोन. त्याच्या बापाने नेम घालून दिलेला: जिवंतांचं हत्यार वेगळं, मेलेल्यांचं वेगळं. जिवंतांचा रंधा नासपतीच्या लाकडाचा, हाताने हाताळून मधासारखा पिवळा झालेला. तो खिडकीजवळच्या खुंटीला. मेलेल्यांचा काळपट, जड. तो घरात आणायचाच नाही, गोठ्यातच टांगायचा. ज्या रंध्याने पेटी तासली त्याने पाळणा किंवा पलंग तासला तर त्यात झोपणारा फार दिवस झोपत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. पेटीचे छिलकेही जाळायचे नाहीत. ते मेलेल्याच्या उशीत भरायचे, आणि ते काम माझं.

आणि त्या काळ्या रंध्याबद्दल सगळ्या खोऱ्यात बोललं जायचं. कुणी मरणार असलं की आदल्या संध्याकाळी तो गोठ्यात आपोआप वाजतो. टक, टक. दोन ठोके. ते ऐकले की इरिमिये माळ्यावरून देवदाराच्या फळ्या उतरवायचा, पात्याला धार लावायला बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी टोपी हातात घेऊन फाटकाशी उभं असायचं.

खरं काय ते मला आणि रोझालियालाच ठाऊक होतं. मरणाऱ्याच्या घरी मला आधीच बोलावणं यायचं. घरघर लागली की मी कुंपणावरून रोझालियाच्या कानात सांगायची, आणि ती दूध काढायला गोठ्यात गेली की मोगरीने रंध्याच्या बुडावर दोन ठोके द्यायची. बुडावर ठोकलं की पाचर सुटते, पातं सैल होतं, ते काढून धार लावायची. का करायची? कारण इरिमिये म्हणजे गोगलगाय. आयत्या वेळी सांगितलं तर तिसऱ्या दिवशीही त्याची फळी तासूनच चाललेली असायची आणि मेलेला बिचारा ताटकळत. रंधा वाजला म्हटलं की मात्र झटक्यात उठायचा. तीस वर्षं आम्ही दोघींनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

रोझालिया गेली मार्चमध्ये, विहिरीजवळ, बादली हातात असताना. ठोका नाही, काही नाही. तिला आंघोळ मीच घातली. ते मी सांगणार नाही.

उशीत भरायला इरिमियेने छिलके आणून दिले तेव्हा मी पोत्यात हात घातला आणि थांबले. काळ्या रंध्याचे छिलके जाड निघतात, राकट. हे कांद्याच्या पापुद्र्यासारखे होते, त्यातून उजेड दिसत होता. त्याने बायकोची पेटी खिडकीजवळच्या रंध्याने केली होती. ज्या रंध्याने तिचा पलंग केला, त्याच रंध्याने. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. मी उशी शिवली.

त्यानंतर त्याने खोलीला कडी घातली.

ऑगस्टमध्ये औरिकाचा फोन आला. औरिका त्यांची एकुलती एक, इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते, नवरा तिकडेच बांधकामावर. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोनदा पोट राहून गेलं होतं. आता सहावा महिना होता आणि तिला बाळंतपणाला घरी यायचं होतं. "बाबा, पाळणा तुम्हीच करायचा," ती म्हणाली. इरिमिये हो म्हणाला, आणि सप्टेंबर संपला तरी त्याने कडी काढली नाही.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कशाने करू? एक मेलेल्यांचाच होता. दुसरा मी बाटवला."

ऑक्टोबरात तो नेग्रेनीच्या जत्रेत नवा रंधा घ्यायला गेला. मी मुद्दाम बरोबर गेले, एकटा गेला असता तर हात हलवत आला असता. तिथे चिखलात मैलभर जुनी हत्यारं मांडलेली असतात. त्याने एकेक उचलावा, एक डोळा मिटून तळ बघावा, पाचर हलवून बघावी, आणि विकणाऱ्याला विचारावं, "ह्याने काय-काय केलंय?"

एक तरणा विकणारा वैतागला. "आजोबा, रंधा घेताय की सून बघताय?"

"सून घरातून जाऊ शकते," इरिमिये म्हणाला.

एक फार सुरेख होता. त्याचा हात त्यावरून निघेना. विकणारी बाई म्हणाली, "घ्या हो, माझ्या सासऱ्यांचा. त्यांच्या पेटीला वापरला तेवढाच शेवटचा." इरिमियेने तो असा ठेवला, जसा चुलीवरचा तापलेला तवा. शेवटी कारखान्याचा कोरा करकरीत लोखंडी रंधा घेतला, ज्याने अजून कुणाचं काही केलं नव्हतं. घरी येऊन चेरीच्या फळीवर चालवला तर पातं मऊ, दर दोन हातांवर धार मरे, आणि फळी मांजराने ओरबाडल्यासारखी. आठवडाभर त्याने झटापट केली, मग तो गुंडाळून ठेवला आणि परत कडी घातली.

आता मला राहवेना. नोव्हेंबर लागला, पोरीला आठवा संपत आला आणि हा चुलीपुढे बसलेला. मला वाटलं, रोझालिया असती तर काय केलं असतं? एका मंगळवारी संध्याकाळी तो पाणी आणायला गेला तेव्हा मी मागच्या दाराने घरात शिरले आणि खोलीची कडी काढली. खुंटीवरचा नासपतीचा रंधा उतरवला, पायरीवर त्याची पावलं येईपर्यंत थांबले आणि मोगरीने बुडावर दोन ठोके दिले. टक, टक. पातं सैल होऊन डुगडुगायला लागलं. तसाच बाकावर ठेवला, कडी परत घातली आणि परसातून पळाले. या वयात. मला वाटलं, बायकोने हाक मारली समजून आता तरी कामाला लागेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने दुसऱ्या दिवशी औरिकाला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. तिकडेच बाळंत हो.

पोरीचा मला फोन आला. रडून-रडून आवाज बसलेला. "साफ्ता मावशी, बाबांना माझं बाळ नकोय का? आई असती तर मला असं म्हणाली असती का? मला इथे नाही जमणार एकटीने. ती दोन मी इथेच घालवली." मी म्हटलं, थांब, मी बोलते त्याच्याशी.

रविवारी प्रार्थना झाल्यावर मी त्याच्याकडे गेले. त्याने आलुबुखाराच्या दारूचे दोन पेले भरले. मी माझा बाजूला सारला आणि म्हटलं, "इरिमिये, ऐक. तीस वर्षं तो गोठ्यातला रंधा वाजत नव्हता. तुझी बायको वाजवायची. मी सांगायची आणि ती ठोकायची."

तो म्हणाला, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्या वर्षापासून. दुधाची बादली खाली ठेवल्याचा आवाज यायचा, मग ठोके. मी काय बहिरा आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"तिला मजा वाटायची," तो म्हणाला.

मी आता दारू घेतली. "बरं. मंगळवारी मी ठोकलं."

"तेही ठाऊक आहे. तू खोकलीस."

मला असा संताप आला. "अरे मग पोरीला येऊ नको का म्हणालास? ती तिकडे रडून अर्धी झालीय, आणि तू सगळं माहीत असून—"

"साफ्ता," तो म्हणाला, "रोझालिया ठोकायची तेव्हा माणसं खोटी मरायची का? एक तरी वाचलं? हात तिचा होता, पण माणूस जायचाच. आणि तू सैल केलास तो खिडकीजवळचा. पाळण्याचा. आधीच मी त्याने तिची पेटी केली, वर तू दोन ठोके दिलेस. आता घरात पाळण्यात झोपणारं कोण आहे, सांग."

मी हसण्यावारी न्यायला गेले, पण ते जमेना. कारण खरंच एकही वाचलं नव्हतं. आम्ही दोघी स्वतःला शहाण्या समजत होतो, पण ठोका आणि मरण यांची गाठ आम्हीच तीस वर्षं मारत बसलो होतो, आणि आता तीच माझ्या हाताने औरिकाच्या पोटातल्या जिवाभोवती पडली होती.

मग तो म्हणाला, "आणि शुक्रवारी कशाला आलीस परत?"

"शुक्रवारी?"

"दूध काढायच्या वेळी. एक ठोका दिलास. एकच."

"मी शुक्रवारी घरी नव्हते, इरिमिये. बहिणीकडे होते, तिच्या पायाला गाठ झालीय. शनिवारी सकाळच्या बसने आले. बसवाल्याला विचार."

त्याने पेला खाली ठेवला, पण नीट बसला नाही, कलंडला. टेबलावरून दारू ओघळली तरी दोघांपैकी कुणी पुसली नाही.

"मंगळवारनंतर मी त्या खोलीत गेलो नाही," तो म्हणाला.

दुपारचे बारा वाजले होते, बाहेर चर्चमधून परतणाऱ्या बायकांची बडबड ऐकू येत होती, तरी मी त्याची बाही धरली होती. त्याने कडी काढली. बाकावर धूळ होती. मंगळवारी मी ठेवला होता तिथेच रंधा होता. मी पुढे झाले नाही. त्याने पात्याला बोट लावलं. मग उचलून पाचर हलवून बघितली, मग तळ उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.

"सैल करून ठेवला होतास ना?"

"डुगडुगत होता," मी म्हटलं. "घट्ट कसा करायचा मला येतही नाही."

"घट्ट आहे. आणि सरळ बसवलाय."

मग त्याने मला जे सांगितलं ते मला तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मी मेलेल्याची उशी शिवून पेटीबरोबर दफनभूमीत जायची, आणि रोझालिया तेवढ्यात घरी येऊन गोठ्यात जायची. पाचरीवर एक ठोका द्यायची. पातं जागेवर बसायचं आणि रंधा परत खुंटीवर जायचा. "एक ठोका ऐकला की मी टोपी काढायचो," तो म्हणाला. "म्हणजे झालं. आता कुणी नाही."

असं म्हणाला आणि बाकावर बसून रडायला लागला. बायको गेली तेव्हा रडला नव्हता. मार्चपासूनचं सगळं आलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडून घेतलं. तो रिकाम्या दरवाजाकडे बघून, जणू रोझालियाशीच, म्हणत होता, "मी बाटवला गं, मीच बाटवला, आणि तूच येऊन मिटवलंस."

मग त्याने नाक पुसलं, चेरीची ओरबाडलेली फळी बाकावर चढवली आणि पातं न छेडता, जसं होतं तसंच, एक लांब हात मारला. छिलका निघाला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, इतका पातळ की त्यातून मला खिडकी दिसत होती. "बघ," तो म्हणाला. "मला इतकं बारीक बसवता येत नाही."

औरिकाला फोन मीच केला.

औरिकाचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, नोव्हेंबरची ओली हवा, लाकूड फुगतं, पाचर आपोआप आवळते, फुगताना टक्क वाजतेसुद्धा. असेल बाई. शिकलेली आहेस तू. पण फुगलेली पाचर पातं सरळ बसवते का, हे विचारलं की तिला चुलीवरचं काहीतरी आठवतं.

मुलगी झाली डिसेंबरात, बर्फ पडत असताना, खालच्या शहरातल्या दवाखान्यात. इलिंका. पाचव्या दिवशी घरी आणली. पाळण्याचे छिलके इरिमियेने एक पोतं भरून राखून ठेवले होते, त्यांच्यावर तिच्या पहिल्या आंघोळीचं पाणी तापवलं. मी चुलीत छिलके सारत बसले होते, तेवढंच माझं काम समजून. पाणी कोमट झालं तसं औरिकाने बाळ माझ्यापुढे धरलं. "मावशी, तुम्ही घाला."

मी हात शालीखाली लपवले. "वेडी आहेस का? कुणाकुणाला लागलेत हे हात, तुला ठाऊक नाही? तुझ्या आईला लागलेत."

"म्हणूनच," औरिका म्हणाली.

मी इरिमियेकडे बघितलं, की हा तरी नेमाचा माणूस, अडवेल. तो उठून आला. त्याने माझा उजवा हात शालीतून बाहेर काढला, उजेडाकडे धरला, उलटसुलट करून बघितला, अंगठ्यावरून अंगठा फिरवला. मग सोडला.

"चांगला आहे," तो म्हणाला. "घाल."

सत्तरीला आले मी. इतकी माणसं धुतली, पण पाणी घातल्यावर कुणी रडलं नव्हतं.