न मोडलेला पाय

सन १९३१च्या कार्तिकात राहीकाकी विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून पडली आणि तिचा डावा खुबा मोडला. वय सत्तरीच्या आसपास. तिचा जन्म लोकांचे भात कांडण्यात गेला. सकाळी मुसळ हाती घेतले की दुपारपर्यंत उभी, अशी बाई. मुलगा शिवा मुंबईला गिरणीत. घरी ती आणि सून गोदा, दोघीच.

मी आणि केरू डोली वाहायचो. दोन कोसांवरच्या हाडवैद्याकडे काकीला आम्हीच नेली. मध्ये चढ आहे. जाताना अकरा वेळा खांदा बदलला. हाडवैद्य रावजीने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितले, तीन महिने पाय हलवायचा नाही. मासळी, कडधान्य वर्ज्य. फक्त पेज.

गोदाने सांगितल्याहून जास्त केले. कूस तीच वळवी, घास तीच भरवी. काकीला पाण्याचा तांब्याही उचलू देत नसे. "पडलेल्या सासूला सून राबवते, असं वाडीने बोलायला नको," म्हणायची.

माघात पुन्हा नेली. तोच चढ, तीच डोली. पाचच वेळा खांदा बदलला. केरू खूश.

"काकी, फुलासारखी झालीस गो! अशी गिऱ्हाइकं मिळाली तर शंभर वर्षं डोली उचलीन."

"मेल्या, तुझी जीभ तेवढी जड राहिली."

मी हसलो नाही. खाणारे माणूस तीन महिन्यांत निम्मे हलके होत नाही.

रावजीने कामट्या सोडल्या. हाड जुळले होते, पाय बोटभर आखूड. आम्ही तिला उभी केली. हात सैल करताच ती खाली आली. आधी वाकला तो उजवा गुडघा. काकीने मांडी चाचपली. मांडी उरलीच नव्हती, नुसते कातडे होते.

"ह्याला काय झालं रे? हा तर मोडला नव्हता."

"वय झालं," रावजी म्हणाला.

घरी आलो तो शिवाचे पत्र. वैशाखात येतो, आये चालत नसेल तर पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत दोघींना मुंबईला नेतो. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. काकी म्हणाली, "वर दोघे नेतील. खाली चौघेच आणतील."

ताप येऊन उठलेल्या गड्याला आम्ही पहिल्याच दिवशी भरल्या डोलीखाली घालत नाही. आधी रिकामा दांडा, मग थोडे ओझे, मग माणूस. काकीचेही तसेच करायचे मी ठरवले. पेटारा मांडला, त्यावर चार पाट. उंचावरून उठायला कमी जोर लागतो. हात न टेकता पाच वेळा उठायचे, दम घ्यायचा, पुन्हा पाच. आठ दिवसांनी एक पाट काढायचा.

दुसऱ्याच दिवशी गोदाने काकीच्या काखेत हात घातला.

"वयनी, हात काढ," मी म्हटले.

"पडली तर तू निस्तरणार काय?"

"तू उचललीस तर ती उठणार कधी?"

ती रडली, पण हात काढला. कुळथाची पिठी आणि सुके बांगडे द्यायला मात्र तिने आणखी पंधरा दिवस घेतले. पथ्य मोडले आणि हाड सुटले तर, ही धास्ती. काकी मला रोज शिव्या घाली. मी आकडा सोडत नसे. शिमग्यात एक पाट परत ठेवावा लागला. वैशाख लागला तेव्हा ती नुसत्या पेटाऱ्यावरून उठत होती आणि काठी टेकत घरातल्या घरात चालत होती. त्याहून खाली आम्ही गेलोच नव्हतो.

शिवा आला. आईचे पाय बघून गोदाला म्हणाला, "सामान बांध. उद्याची बोट आहे."

"थांब," काकी म्हणाली. "परसाकडे जाऊन येते. एकटी. आले तर तू एकटा जा."

"आणि पडलीस तर?"

"तर बांध मला डोलीत."

परसाकडची जागा चाळीस पावलांवर. काठी टेकत गेली ती बरी गेली. परतताना पंचविसाव्या पावलाला उजवी मांडी थरथरू लागली. गोदा धावली.

"लांब हो!" काकी ओरडली.

मी शिवाचे मनगट धरले. काकी उभीच राहिली. ते चूक होते. उभे राहण्यातही मांडी खर्ची पडते. तिलाही ते कळले असावे. ती काठीला धरून हळूहळू जमिनीवर बसली.

"झालं," शिवा म्हणाला.

पाय मोडल्यापासून जमिनीवरून ती एकदाही उठली नव्हती. बराच वेळ नुसती धापा टाकत बसली. मग ओणवी झाली, काठी रोवली, उजवा पाय अंगाखाली घेतला. अर्धी उठली, आणि पडली. पुन्हा उठू लागली, गुडघा सरळ होईना, पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला ती उभी राहिली. उरलेली पंधरा पावले आली आणि ओट्यावर टेकली.

त्या दिवशी ती पुन्हा उठू शकली नाही. तिन्हीसांजेला गोदाने उचलूनच आत नेली. शिवाने ते पाहिले.

सकाळी तो एकटाच बंदरावर गेला.