आमदाराची हजेरी

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात आमदाराला ‘रजेचा अर्ज कुणाकडं दिलासा?’ असं तोंडावर विचारणारा एकच माणूस आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझा मामेसासरा आहे. बायकोचे हे मामा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तीस वर्षं टाइमकीपर होते. फाटकाशी बसायचं, कोण किती वाजता आत आला ते लिहायचं, आणि उशीर झाला तर अर्धा दिवस कापायचा. सख्ख्या दाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, अर्धा दिवस त्यांनी ऐन दिवाळीच्या तोंडावर कापला होता आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी फराळाला जाऊन दोन चकल्या जास्त मागून घेतल्या होत्या. निवृत्त होऊन गावी आले तरी हजेरी घ्यायची खोड गेली नाही. घरात मामी एकट्या, आणि त्या तर सदा हजरच. मग मामांनी आमदार धरला.

विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं की मामा सकाळी अकराच्या आत आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून ओसरीवर बसत. जणू अध्यक्ष यांचंच नाव पुकारणार आहेत. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. पडद्यावर बाकं दिसू लागली की आपला आमदार शोधायचा. चुलीपुढून मामी विचारत, “आज तरी आलाय का?” आणि मामा फौंड्रीतल्या आवाजात सांगत, “गैरहजर.” एकदा आमदाराच्या जागेवर दुसराच कुणी जांभई देताना दिसला तर मामांनी त्यालाही दोन शब्द सुनावले. फोनला ऐकू जात नाही हे त्यांना मान्य नव्हतं.

आता आमदार तिथे नाही तर कुठे असतो, हे काय सांगायला हवं? तो आमच्यात असतो. लग्नात अक्षता टाकतो, बारशाला पाळण्याची दोरी ओढतो, वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर दोन्ही हात जोडून उभा असतो, आणि रक्षाविसर्जनाला तर न चुकता येतो. त्याच्या पी.ए.ला मतदारसंघातलं प्रत्येक मयत घरच्यांच्या आधी कळतं. नदीकाठी गाड्या थांबतात, पी.ए. मेलेल्याचं नाव कानात सांगतो आणि आमदार गहिवरतो. आम्हीही असे दिवटे, की कायदा कुठला झाला, कुणी विरोध केला, याची चौकशी नाही. पण आमच्या चुलत्याच्या मातीला कोण आला नाही ते तीन निवडणुका लक्षात ठेवतो. मला या सगळ्याचा संताप येतो. मामांना माझ्याहून जास्त येई, फक्त ते तो माझ्यासारखा चहा पिता पिता व्यक्त करत नसत.

पुतण्याच्या लग्नात पत्रिकेवर आमदाराचं नाव घालायला त्यांनी साफ नकार दिला. मुलीकडची माणसं रुसली, भाऊबंद चिडले, शेवटी मामांना न सांगता दुसरी पत्रिका छापली गेली. आमदार आलाच. दहा गाड्या, पाठीमागे पन्नास माणसं, अक्षता अर्धा तास खोळंबलेल्या. मामांनी त्याला मांडवाच्या दारातच गाठलं. अधिवेशन चालू असताना तुम्ही इथे कसे, आणि रजेचा अर्ज कुणाकडे दिलाय, असं माइकशिवाय सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं. आमदार हसला, वाकून मामांच्या पाया पडला आणि पुढे गेला. लोक म्हणाले, बघा, किती नम्र माणूस. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “त्याचं न्हाय चुकत, पावणं. आपुनच त्याला हितं बोलावतोय. दोन कारखान्यांत एकाच येळंला हजर कसा लागंल माणूस?”

मग मामींची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला एसटीने कोल्हापूर गाठायचं, आणि येताना मामी मामांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं मशीन येऊन वर्ष झालं होतं. ते चालवायला माणूस नेमला नव्हता म्हणून खोक्यातच होतं. मामांनी आमदाराच्या संपर्क कार्यालयात ठाणच मांडलं. सोमवार आला की मामा बाकड्यावर. शेवटी आमदाराने कंटाळून विधानसभेत प्रश्न टाकला. त्याचा मसुदा मामांनी स्वतःच्या गोल अक्षरात लिहून दिला होता. प्रश्न अमुक दिवशी सकाळी लागणार असं कळलं तेव्हा मामींनी अंथरुणावरून सांगितलं, की त्या दिवशी मलाही ओसरीवर बसवा.

त्या दिवसाच्या दोन दिवस आधी मामी गेल्या.

आणि इथे मी माझी करणी सांगतो. पी.ए.ला फोन मी केला. घरचा जावई, रक्षाविसर्जनाची सगळी व्यवस्था माझ्याकडे. चार मोठी माणसं यावीत, मामींचा मान राहावा, एवढंच डोक्यात. प्रश्नाची तारीख त्या गडबडीत मी साफ विसरलो होतो. मामांनी कुणालाच कळवलं नव्हतं. ते दुःखामुळे, असं मला वाटलं.

आमदार मुंबईहून आला. नदीकाठी माइक होताच. मावशी मला आईच्या ठिकाणी होत्या, अधिवेशन सोडून आलोय, असं तो सांगू लागला आणि बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. त्यात मामांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी शेजारी होतो, म्हणून मला दिसलं. पडद्यावर अध्यक्षांनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला, आमदाराचं नाव घेतलं. क्षणभर थांबले. मग पुढचा क्रमांक पुकारला.

मामांनी फोन खिशात ठेवला. समोर आमदार अजून बोलतच होता. मामा माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, “गैरहजर.”

नंतर निवडणूक झाली आणि तो पुन्हा निवडून आला. आमच्या गावाने त्याला भरघोस मतं दिली. अधिवेशन टाकून मातीला आला, हे प्रचारात प्रत्येक वक्त्याने सांगितलं आणि आमच्या मामींचं नाव घेऊन सांगितलं. मला त्या सभेत उठून ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. मशीन अजून खोक्यात आहे.

मागच्या अधिवेशनात मी मामांकडे गेलो होतो. तोच सदरा, तीच टोपी, तांब्याला टेकवलेला फोन. आता आतून कुणी विचारत नाही, तरी मामा उत्तर मोठ्यानेच देतात. फोन मी केला होता हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ते एकदाही बोलले नव्हते. त्या दिवशी निघताना म्हणाले, “पावणं, माझं झालं की त्याला कळवू नगासा. कुणाचा तरी प्रश्न असंल त्या दिवशी.”

मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. व्याह्यांचा आग्रह, भावांचा आग्रह, बायको म्हणाली एका नावासाठी कशाला वाईटपणा घ्यायचा. मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं आणि तिसऱ्या दिवशी गप्प झालो. काल पत्रिका छापून आल्या. प्रमुख उपस्थितीत पहिलंच नाव त्याचं आहे. लग्नाच्या दिवशी अधिवेशन चालू असणार का, हे मी अजून बघितलेलं नाही. पहिली पत्रिका मामांना द्यायची असते. ती माझ्या पिशवीत आहे, आणि गावाकडे जाणारी एसटी आज मी दोनदा सोडली.