लॉगबुकची शेवटची एकोणीस पानं

नागपूरला आमच्या घरी मांजर आडवं गेलं की बाबा मांजरालाच विचारायचे, "काहून बापा, काही काम होतं का?" अशा घरात वाढलेली मी. भूतखेत, करणी, दृष्ट यातल्या कशाशीच माझं कधी जमलं नाही. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले, तेव्हा माझा वाचून तुम्ही हसलात तर तक्रार करणार नाही.

२००६ ची गोष्ट. नवऱ्याच्या, म्हणजे श्रीनिवासच्या प्रोजेक्टमुळे आम्ही मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहत होतो. मी एच-फोरवर... नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, नोकरी करायची नाही. अकरा वर्षं शाळेत शिकवलेली बाई दिवसभर घरात बसून करणार काय? गावात देवमाशांच्या शिकारीचं एक छोटं म्युझियम होतं. तिथे मी दर मंगळवारी आणि गुरुवारी व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. फुकट काम करायला कुणाचीच ना नव्हती.

काम असं, की दीडशे वर्षांपूर्वीच्या जहाजांची लॉगबुकं वाचायची आणि कॉम्प्युटरवर टाइप करायची. वारा कुठला, जहाजाची दिशा कुठली, मासा दिसला की नाही, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'असा हा दिवस संपला'. अक्षर किरटं, शाई उडालेली. पण बोर्डाचे पेपर तपासून तपासून माझे डोळे तयार झालेले होते. रीडिंग रूम सांभाळणारी डॉरथी, सत्तरीची कडक बाई. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. ती जरा कुठलं अक्षर अडलं की वही माझ्यापुढे सरकवायची.

ऑक्टोबरमध्ये तिने मला एक वेगळं लॉगबुक दिलं. हे जहाज पॅसिफिकमधल्या एका बेटावर गोडं पाणी भरायला थांबलं होतं. कॅप्टन किनाऱ्यावर गेलेला. तेवढ्यात तिथल्या तुरुंगातून पळालेल्या कैद्यांनी, त्याच बेटावर लपून बसलेल्या, जहाजाचा ताबा घेतला. थोड्या खलाशांना त्यांनी लहान होडीत बसवून सोडून दिलं. ते वाचले आणि परत येऊन सांगू लागले की दुय्यम अधिकारी मात्र जहाजावरच राहिला. पुढे काही महिन्यांनी ते जहाज एका खडकावर लागलेलं, रिकामं सापडलं. आत हे लॉगबुक होतं. लॉग लिहायचं काम त्या दुय्यम अधिकाऱ्याचं, आणि जहाज पळवल्यानंतरही एकोणीस दिवस नोंदी चालूच होत्या, त्याच्याच अक्षरात.

म्हणजे तो कैद्यांना सामील झाला, असं गावाने ठरवून टाकलं. समुद्रात गेलेल्या खलाशांची नावं गावातल्या चॅपलच्या भिंतीवर कोरलेली आहेत. त्याचं नाव कोरलं नाही.

त्याची पणती रूथ तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. कॅन्सर पसरलेला. मरायच्या आधी पणजोबांचं नाव भिंतीवर बघायचं, एवढीच तिची इच्छा. चॅपलच्या ट्रस्टींनी म्युझियमकडे लेखी मत मागितलं होतं, ती शेवटची एकोणीस पानं कुणी लिहिली? त्यांची मीटिंग पंधरा दिवसांवर होती. आणि मत देणार कोण, तर नागपूरच्या परीक्षा केंद्रावर कॉप्या पकडून नाव कमावलेली मी!

मी एक दुपार घेतली. भिंग घेऊन अक्षरं जुळवली. शेपट्या, गाठी, वळणं, सगळं एकच. एका ओळीत लिहून दिलं, 'दोन्हीकडे हात एकच आहे.' जरा तोऱ्यातच लिहिलं, खरं सांगते.

गुरुवारी रूथ म्युझियममध्ये आली. माझं मत तिला कळलेलं नव्हतं. तिने माझ्यासाठी केळ्याचा ब्रेड भाजून आणला होता. लहानपणी आईचा हात धरून त्या भिंतीपुढून जाताना दोघी मान खाली घालायच्या, असं तिने सांगितलं. तो ब्रेड मी तसाच कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

ती गेल्यावर मी पुन्हा ते लॉगबुक उघडलं. दुपारचे दोन वाजले असतील. खिडकीतून लख्ख ऊन, समोर डॉरथी चष्मा पुसत बसलेली. मी शेवटची नोंद पिवळ्या पॅडवर पेन्सिलीने उतरवून घेत होते... आणि माझं मनगट कुणीतरी धरलं.

वरून धरलं. आधी वाटलं पेटका आला. पण पेटका बोटांवर बोटं ठेवत नाही. माझ्या हातावर एक मोठा, खरखरीत हात होता. दिसत काहीच नव्हतं, पण बांगडी मांसात रुतत होती. मी घाबरून हात सैल सोडून दिला. तरी पेन्सिल चालतच राहिली. डॉरथीने विचारलं, बरं वाटत नाहीये का? फार तर मिनिटभर झालं असेल. मग शिसं मोडलं आणि पकड सुटली.

पॅडवर एकच ओळ होती, 'असा हा दिवस संपला.' अक्षर माझंच. पण कसं? प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला मागे वळलेला, हुकासारखा उलटा आकडा, शब्द संपताना दाबून पडलेला ठिपका, दोन शब्दांमध्ये फरफटत गेलेली रेघ. मी बघतच राहिले. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी पहिलीला शिकवलं, असं अक्षर हजार वेळा पाहिलंय. पहिलीच्या वर्गात एखादं मूल लिहायला तयार नसतं, तेव्हा बाई त्याचा हात धरून गिरवून घेतात. मूल हात मागे ओढतं, बाई पुढे रेटतात. तेव्हा पाटीवर अगदी हेच उमटतं.

मी लॉगबुकची ती एकोणीस पानं पुन्हा तपासली. उलटा आकडा, दाबलेला ठिपका, फरफटलेली रेघ, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्याआधीच्या पानांवर एकही नाही. कॉपी पकडणारी बाई अक्षर कुणाचं ते बघते. ते लिहिताना हात मोकळा होता का, हे बघायचं तिला सुचत नाही. माझी चूक ती तिथे झाली होती. बंदरात जहाजाचा लॉग तपासतात, तेव्हा कैद्यांना तिथे शिरायला त्याच अक्षरातला बिनखोट लॉग हवा असणार. त्याने लिहायला नकार दिला असणार, आणि त्यांनी त्याचा हात धरून लिहून घेतलं असणार.

घरी श्रीनिवासने मनगट पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. चार बोटांचे काळेनिळे वळ. आधी म्हणाला, "यार, भुतांनाही एच-फोरवाल्याच सापडतात का?" पण दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, स्नायू दुखावलाय.

मी पहिलं मत मागे घेतलं आणि नवं लिहून दिलं. मनगटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त शाळा, पाटी, आणि हात धरून गिरवलेलं अक्षर. ट्रस्टींमधल्या एका बाईंनी पूर्वी बालवाडी चालवलेली होती. त्यांनी पानं पाहिली आणि पहिल्या पानावरच मान हलवली म्हणे.

नोव्हेंबरात नाव कोरलं. रूथला व्हीलचेअरवरून आणलं होतं. तिने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, खूप रडली. मग मला जवळ बोलावलं. डॉरथीने माझे वळ पाहिले होते, ती तिला काहीतरी बोलली असणार. तिने माझी बाही वर सरकवली, वळ पिवळे पडले होते तरी दिसत होते. तिने हळूच विचारलं, "त्याला दुखत होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

ती डिसेंबरात गेली. त्या दुपारी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. श्रीनिवास म्हणतो, अपराधी मनाने स्वतःचंच मनगट आवळलं असेल मी. असेलही. पण रूथशी मी खोटं बोलले, ते इथे तरी कबूल करते. दुखत होतं. हाड मोडेल इतकं दुखत होतं. आणि मी तर हात केव्हाच सैल सोडला होता... तरी माझ्या हाताच्या आतून कुणीतरी जीव खाऊन मागे ओढत होतं.