इदरीसचं बंदर

जव्हारचा इदरीस सुतार आमच्या नाटक मंडळीचे देखावे बनवायचा. एकदा मोखाड्याला त्याच्या जहाजावर टाळ्या पडल्या, तेव्हा आमचे मालक नाना रंगमंचावरून गरजले, "खास मुंबईहून मागवलंय!" समोर बसलेल्या बानूनं, इदरीसच्या बायकोनं, मान खाली घातली. इदरीस वर्षभर धुमसत राहिला.

पुढच्या वर्षी, म्हणजे बहात्तर साली, नानांना बंदर हवं होतं. इदरीसनं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं हातभर बंदर कोरलं. ते पांढऱ्या पडद्यामागं ठेवायचं, मागून गॅसबत्ती लावायची आणि मोठी सावली पाडायची, असं ठरलं. बत्ती मात्र प्रयोगाच्या वेळीच पेटणार होती.

विंगेत तो मला म्हणाला, "भाऊ, आज नानांचं सोंग नाचवतो."

बत्ती पेटली आणि मी तोंडात पदर कोंबला. राणीचं काम माझ्याकडे होतं ना! दीपस्तंभाचं नाक झालं होतं, शिडांच्या मिशा आणि धक्क्याचं सुटलेलं पोट. हुबेहूब नाना! आमचा संबळवाला पुंजा पोशेरा गावचा. गावच्या बोहाड्याच्या उत्सवात मुखवट्याचं सोंग नाचत आलं की संबळ वाजवायचा, ही त्याची जन्माची सवय. त्यानं सावली पाहिली आणि संबळ घुमवला.

"नाना आला रं! नाचवा त्याला!" लोक ओरडले.

नाना वळले, पडदा पाहून लालबुंद झाले आणि भर रंगमंचावर किंचाळले, "हे इदऱ्यानं केलंय! सगळं त्या इदरीसनंच केलंय!"

इदरीस विंगेतून पुढं आला, नानांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं प्रेक्षकांना झुकून सलाम केला.