जनरल नावाचा मुद्देमाल

भाऊसो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा आटपाडी तालुक्यातल्या त्यांच्या गावानं त्यांची हलगी लावून मिरवणूक काढली. दुसऱ्या दिवसापासून गावाला त्यांचा कंटाळा यायला लागला. ग्रामसभेत कुणी वाकडं बसलं तरी ते टोकायचे. दूध घालायला उशीर झाला की गवळ्याला सावधानमध्ये उभं करायचे. घरात बायकोनं, भामाबाईंनी, काही विचारलं की म्हणायचे, "वरनं ऑर्डर आल्याबिगर काय बी व्हनार न्हाई." भामाबाई म्हणायच्या, "हितं वर मी हाय."

नाद एकच, बैलगाडी शर्यतीचा. निवृत्तीनंतर त्यांनी खरसुंडीच्या बाजारातून खिलार जातीचं एक खोंड आणलं आणि त्याचं नाव ठेवलं जनरल. उभी नोकरी ज्या हुद्द्याला सलाम ठोकण्यात गेली, तो हुद्दा आपल्या दावणीला बांधायचं सुख त्यांनी अजिबात लपवलं नाही.

जनरल जेमतेम वर्षाचा झाला आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये असा केंद्राचा जुना कायदा आहे, बैल पळवणं त्यात बसत नाही, असा निकाल. गावातली पोरं खवळली. भाऊसो मात्र शांत. "दिल्लीची ऑर्डर हाय. दिल्लीच्या ऑर्डरीवर मी बर्फात हुबा राह्यलो. बैल गोठ्यात हुबा राह्यला तर काय मरतोय व्हय?"

खुराक मात्र चालूच होता. दूध, अंडी, उडदाचं पीठ. भामाबाई म्हणायच्या, "आमी कोरा चहा प्यायचा आन ह्यो गडी बादलीभर दूध पिऊन कायदा पाळणार!"

२०१७ साली राज्यानं केंद्राच्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. काही अटी घालून शर्यतीला परवानगी दिली, त्यावर राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. गावचे पुढारी जयराज यांनी चौकात फ्लेक्स लावला, 'आम्ही करून दाखवलं!' गुलालात जनरल लाल झाला. गुलाल धुऊन निघायच्या आत हायकोर्टाची स्थगिती आली. जयराजनी दुसरा फ्लेक्स लावला, 'जाहीर निषेध!' फोटो तोच, हसरा.

आता भाऊसोंची पंचाईत झाली. ऑर्डर पाळायला ते तयार होते, पण ऑर्डर नक्की कुणाची? ते एसटीनं सांगलीला गेले, दिग्विजय वकिलांकडे.

वकील म्हणाले, "हे बघा हवालदार, काही विषयांवर दिल्लीही कायदा करू शकते आणि मुंबईही. दोघांचं जुळलं नाही तर दिल्लीचा चालतो. पण मुंबईच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली असेल, तर आपल्या राज्यापुरता मुंबईचा चालतो."

"मग सही झालीया की."

"झालीय."

"म्हंजी मुंबईचा चालनार."

"तेच तर कोर्टाला ठरवायचंय. नुसत्या सहीनं भागतं, की त्या कायद्यानं बैलाचे हाल खरोखर थांबतात, हे बघावं लागेल."

"आन तवर?"

"तोवर दिल्लीचा."

"राष्ट्रपती दिल्लीतच ऱ्हात्यात न्हवं?"

वकिलांनी चष्मा काढला आणि फी सांगितली.

जनरल भर वयात आला. गोठ्यात खुरानं माती उकरायचा. ते बघून भाऊसोंचा जीव तुटायचा, आणि जीव तुटायला लागला की माणसाला कायदा आपल्या सोयीनं कळायला लागतो. एका सकाळी त्यांनी भामाबाईंना सांगितलं, "राष्ट्रपती म्हंजी तिन्ही दलांचे सरसेनापती. त्यांची सही हाय. माझ्या बैलाला पळायची ऑर्डर हाय."

"स्थगिती हाय म्हनत हुता न्हवं?"

"ती कोर्टाची. मी फौजेचा मानूस."

शेजारच्या तालुक्यातल्या एका माळावर चोरून शर्यत भरली. झेंडा दाखवायला खुद्द जयराज आले होते. दुसऱ्याच्या बैलाच्या जोडीला जुंपलेला जनरल असा सुटला, की बाकीच्या गाड्या धुळीत दिसेनाशा झाल्या. भाऊसो निशाणापाशी उभे राहून लहान पोरासारखे रडत होते, आणि तेवढ्यात पोलिसांची जीप आली. लोकांनी आपापले बैल टेम्पोत कोंबले आणि वाट फुटेल तिकडे पांगले. जयराज कसे आणि कुठून गेले, कुणालाच दिसलं नाही. भाऊसो पळाले नाहीत. गणवेशातला माणूस समोर आला म्हणून त्यांनी सावधानमध्ये उभं राहून सलाम ठोकला. त्यामुळे एवढ्या मोठ्या मैदानात आरोपी सापडला एकच.

जनरलही जप्त झाला. कागदावर लिहिलं गेलं, 'मुद्देमाल, पांढऱ्या रंगाचा बैल, एक.' मुद्देमालानं ठाण्याच्या आवारातली झाडं खाल्ली, एका पोलिसाच्या मोटारसायकलीला शिंग लावून ती पाडली. शेवटी कोर्टानं तो भाऊसोंच्याच ताब्यात दिला, बंधपत्र लिहून घेऊन. विकायचा नाही, पळवायचा नाही, बोलावलं की हजर करायचा.

मग तारखा पडू लागल्या.

२०२१च्या अखेरीस सुप्रीम कोर्टानं अटींवर शर्यतींना मोकळीक दिली. पुन्हा गुलाल, पुन्हा फ्लेक्स. भाऊसोंनी जनरलच्या शिंगांना रंग दिला आणि वकिलांना फोन लावला. दिग्विजय म्हणाले, "शर्यतीला परवानगी आहे हवालदार. जनरलला नाही. तो पुराव्यात आहे."

"आवं, कायदा बदलला की!"

"कायदा बदलला. तुमचं बंधपत्र बदललेलं नाही."

"म्हंजी समद्या म्हाराष्ट्राला मुंबईचा कायदा, आन माझ्या एकट्याच्या गोठ्याला दिल्लीचा?"

वकिलांना हे इतकं नेमकं मांडता आलं नसतं, पण होतं तसंच. त्या साली माळामाळावर बैल पळाले. जनरल गोठ्यातून लाऊडस्पीकर ऐकत कान हलवत राहिला, आणि भाऊसो त्याच्या पाठीवरून हात फिरवत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, दोन्ही सरकारांना फौजेत शिकलेल्या हिंदी शिव्या देत राहिले.

२०२३ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी राज्याचा कायदा कायम केला. शर्यतींच्या केसेस मागं घ्यायचंही वर ठरलं होतं. वरचं खाली यायला जो वेळ लागतो तो लागला, आणि जनरल एकदाचा सुटला. पोट सुटलेला, गुडघ्यात धरलेला, दहा वर्षांचा बैल.

गावात भरणाऱ्या शर्यतीच्या मैदानासाठी भाऊसोंनी त्याचं नाव नोंदवलं. नव्या कायद्याप्रमाणे जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, "हवालदार, ह्याला आता पळवलं तर ती क्रूरता होईल." कायदा मुंबईचा होता, भाषा दिल्लीची.

भाऊसोंनी वाद घातला नाही. मैदानात जयराजनी त्यांना स्टेजवर बोलावलं, 'लढवय्ये' म्हणून शाल दिली, आणि चूक केली ती एवढीच, की माइकही दिला. भाऊसो म्हणाले, "त्या दिवशी माळावर जनरलचा नंबर दुसरा आला. पयला जयराजसायबांचा. जीप दिसली तसं ते असं काय सुटलं, की आमाला धूळ बी दिसली न्हाई." पुढचं हशात बुडालं. माइक कुणीतरी बंद केला.

पुढच्या पावसाळ्यात भामाबाईंनी जनरलला शेजाऱ्याच्या बैलाच्या जोडीनं पेरणीला जुंपायचं ठरवलं. खाऊन खाऊन बसला होता. तो सबंध दिवस मान खाली घालून ओढत होता, तोंडाला फेस आला. पेरणीवर दिल्लीचीही हरकत नव्हती, मुंबईचीही नव्हती, कुठल्या कोर्टानं विचारलंही नाही. भाऊसो बांधावर पाठ फिरवून बसले होते. मग उठले, कासरा भामाबाईंच्या हातातून घेतला, तासाची ओळ अर्ध्यावर सोडून जनरलला मोकळं केलं आणि विहिरीवर पाणी दाखवायला नेलं.