माझ्या नावाचा कडुनिंब

चहा घेत ऐका, पण हसायचं ते शेवटी हसा. मी केलेला गाढवपणा असा आहे की सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

जळगावात ठिबकच्या नळ्या बनवणारी एक कंपनी आहे, तिथं मी वीस वर्षं हेल्पर. मागच्या वर्षी साहेब म्हणाले, "विलास, तुला मशीनवर ऑपरेटर करतो. पण दहावी पास पाहिजे." आणि आपण तर नववीतच शाळेला रामराम ठोकलेला!

बायको म्हणाली, "पोरगी यंदा दहावीलाच आहे, तुम्ही पण बसा. सतरा नंबरचा फॉर्म भरला की घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा देता येते."

फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आमची शाळा एरंडोलकडच्या खेड्यात. शेवटची तारीख चार दिवसांवर. म्हणून शनिवारी निघालो.

पोचलो तेव्हा भर दुपारचे बारा. शाळा सुटलेली, मैदानात चिटपाखरू नाही. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं, आणि व्हरांड्यातली घंटा मात्र आपली आपण हलत होती. मैदानात एक मोठा कडुनिंब. आमच्या वेळी तो नव्हता. बुंध्याला हळदकुंकू, सुकलेला हार, आणि खाली एक उदबत्ती. ताजी! धूर सरळ वर चाललेला.

बुंध्यावर पत्र्याची पाटी होती. जवळ जाऊन वाचली.

'कै. विलास, इयत्ता नववी ब, यांच्या स्मरणार्थ.'

अहो, नववी ब मध्ये विलास एकटा मीच होतो! त्या उन्हात माझे हातपाय बर्फासारखे गार पडले.

तेवढ्यात मागे काहीतरी खणकन आदळलं. वळून बघतो तर आमच्या वेळचे शिपाई नाना. आता पार म्हातारे झालेले. हातातली बादली खाली पडलेली, आणि डोळे माझ्या पायांवर.

"नाना, ओळखलं का? मी विलास."

"तू ते मरी जायेल शे ना रे!"

"अहो नाना, मी जिवंत आहे!"

"बठ्ठा भुतं असंच म्हनतस," नाना पुटपुटले आणि दोन पावलं मागे सरकले. पायांवरची नजर काही हटेना. मीही खाली बघून घेतलं. पाय सरळच होते, पण खरं सांगू? मनात पाल चुकचुकली. सकाळी निघताना 'येतो' म्हटलं तर बायकोनं 'हं' सुद्धा केलं नव्हतं. बसमध्ये कंडक्टर माझ्याकडे न बघताच पुढे गेला होता. खरंच मेलो तर नाही ना मी? आणि मेलेल्या माणसाला दहावीला कोण बसू देईल?

ऑफिसात क्लार्क मॅडम होत्या. त्यांनी धूळ झटकून जुनं रजिस्टर काढलं आणि बोट एका ओळीवर थांबलं. लाल शाईत लिहिलेलं. शाळा सोडण्याचे कारण : मयत.

मी टेबलावर हात आपटला. "कुणी मारलं मला? आयुष्याचं वाटोळं केलं! त्याला सोडणार नाही मी!"

"शांत बसा हो. आधी अर्ज लिहा, मी जिवंत आहे म्हणून."

अर्ज लिहिला. मॅडमनी जुनी फाईल उघडली, त्यात टाचणीनं लावलेलं एक पिवळं पत्र होतं. त्यांनी एकदा पत्र बघितलं, एकदा माझा अर्ज. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे सरकवले.

"घ्या भाऊ. मारणारा सापडला."

दोन्हीकडे अक्षर एकच. माझं!

आणि मग आठवलं हो सगळं. वडील दालमिलमध्ये लागले म्हणून आम्ही जळगावला आलो. 'दाखला न्या, पोराला तिथल्या शाळेत घाला', अशी हेडमास्तरांची कार्डं यायची. वडिलांना वाचता येत नव्हतं, वाचून दाखवणारा मी! 'सर म्हणतात सुट्टी आहे,' एवढंच सांगायचो. शेवटच्या कार्डात सरांनी लिहिलं, रविवारी स्वतः येतो. मग वडिलांच्या नावानं मीच उत्तर धाडलं, 'मुलगा वारला. आम्ही सुरतेला चाललो, भेटायला येऊ नये.' पत्र पेटीत टाकलं, गोट्या खेळायला पळालो आणि विसरलो.

त्या भल्या माणसानं रडत रडत माझ्या नावाचं झाड लावलं होतं. सर आता नाहीत. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

सोमवारी नव्या हेडमास्तरांच्या सहीनं दाखला मिळाला. निघताना नानांनी हळूच बाजूला घेतलं. "तू जित्ता शे हे पोरेसले सांगू नको भो. परीक्षेले जातांना बठ्ठा या झाडले हात लावतस. म्हनतस, विलासभाऊ पास करस. त्यासना लई भरवसा शे."

नववीतून पळालेला मी, आणि पोरांना पास करतो!

परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीला घेऊन मुद्दाम गावी गेलो. दोघांनीही झाडाला हात लावला. निकाल लागला. पोरगी पास, गावातली पोरं पास.

मी तेवढा गणितात गेलो. झाडानंही पेपरातलं माझं अक्षर ओळखलं असणार!