आठ ऑगस्टचा बॅकअप

माणसं लॅपटॉप दुरुस्तीला आणतात ते म्हाताऱ्याला दवाखान्यात आणतात तसे, म्हणजे अगदी गळ्याशी आल्यावर. देऊळगाव राजात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत संघपाल इंगळेचं दुकान आहे, आणि तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी एकच वाक्य बोलतं, की सकाळपर्यंत तर चांगला चालू होता. संघपाल विचारतो, बॅकअप आहे का. गिऱ्हाईक मोठ्या तोऱ्यात सांगतं, आहे ना, सगळं डी ड्राइव्हमध्ये टाकलंय. आता सी काय आणि डी काय, एकाच डिस्कच्या दोन खोल्या. घर बसलं तर माजघर पडतं आणि ओसरी तेवढी शाबूत राहते, असं कुठे झालंय? पण हे सांगून सांगून त्याची जीभ झिजली. आपल्या लोकांचा डी ड्राइव्हवर जेवढा भरवसा आहे तेवढा सख्ख्या भावावर नसेल.

म्हणून त्यानं स्वतःपुरती एक शिस्त लावून घेतली. आलेल्या मशीनवर काहीही करायच्या आधी तो तिच्या सिस्टिम ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत काढतो, विंडोज, प्रोग्राम, फाईली, सगळ्या पसाऱ्यासकट, आणि ती वेगळ्या डिस्कवर ठेवतो. पुढे काही बिघडलं तर ती प्रत परत चढवायची, की मशीन त्या तारखेला जशी होती तशी पुन्हा उभी राहते. डिस्कवर चिकटपट्टी लावून मालकाचं नाव आणि तारीख लिहायची आणि कपाटात ठेवून द्यायची. दुसऱ्याच्या फाईली उघडायच्या नाहीत, हे त्यानं शिकाऊ असतानाच ठरवलं होतं. फक्त प्रत परत चढवून झाली की सगळ्यात शेवटच्या तारखेची एक फाईल तेवढी उघडून पाहायची. ती नीट उघडली, की काम झालं. गावातल्या लेकीबाळी आपले फोटो असलेला लॅपटॉप त्याच्या काउंटरवर ठेवून निर्धास्त बाजाराला जातात, त्या काही उगाच नाही.

या माणसाचा जीवाभावाचा मित्र म्हणजे नागसेन. दोघं उंद्रीचे, एकाच आळीतले, पहिलीपासून एका बाकावरचे. नागसेन देऊळगाव राजातल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा सहायक आहे, आणि ती नोकरी त्याला कशी लागली हे संघपाल स्वतःच कौतुकानं सांगायचा. दहा वर्षांपूर्वी त्या एका जागेसाठी दोघांनी अर्ज भरले होते. संघपालजवळ तेव्हा साधा बटणांचा फोन, ईमेल कुठून असणार? फॉर्मवर ईमेलचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून त्यानं नागसेनचा लिहून दिला. त्यात वावगं असं काहीच नव्हतं. अर्धं गाव तेव्हा असंच करायचं, कुणी नेट कॅफेवाल्याचा ईमेल द्यायचा, कुणी मास्तरांचा. लेखी परीक्षा दोघांनी दिली. मग एक दिवस नागसेन तोंड पाडून आला आणि म्हणाला की मुलाखतीचं पत्र मला आलं, तुझं नाव काही आलं नाही. संघपालला वाईट वाटलं, पण मित्राचं चांगलं झालं म्हणून त्यानं ते गिळलं. मुलाखतीच्या दिवशी त्यानं आपला एकुलता एक बरा शर्ट इस्त्री करून नागसेनला दिला आणि चिखलीपर्यंत सोबत जाऊन त्याला पुढच्या बसमध्ये बसवून दिलं.

त्यानंतर नागसेननं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, हेही खरं. उंद्रीहून देऊळगाव राजाला त्याला नागसेननंच बोलावून घेतलं. दुकानाची जागा त्यानंच शोधली, कॉलेजातल्या मास्तरांच्या मशिनी त्यानंच पाठवल्या, आणि समताचं स्थळही त्यानंच आणलं. लग्नात संघपालच्या बाजूनं सगळ्यात जास्त धावपळ कुणी केली असेल तर ती नागसेननं. संघपाल बायकोला नेहमी म्हणायचा की सख्खा भाऊ असता तर त्यानंही एवढं केलं नसतं. उपकारांच्या त्या ओझ्याखाली माणूस सुखानं वाकला होता.

यंदा श्रावणात नागसेनचा लॅपटॉप मेला. तोच जुना, दहा-अकरा वर्षांचा. डिस्क खटखट आवाज करून गप्प झाली होती, तिच्यातून काही निघण्यासारखं राहिलं नव्हतं. कॉलेजात कागदपत्रांची पडताळणी निघालेली, आणि त्याच्या जुन्या मार्कलिस्टा हरवलेल्या, त्यांचे स्कॅन त्या लॅपटॉपशिवाय कुठेच नव्हते. संघपालनं दर वर्षी बॅकअपचं टुमणं लावलं होतं आणि नागसेननं दर वर्षी पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. आता काउंटरवर कोपरं टेकून तोच म्हणाला, "संघ्या, तू तवा एक बॅकअप घेतला होता ना बे, नवं विंडोज टाकाच्या आधी? असन काय तो?"

तो असणारच होता. चिखलीच्या एका दुकानात शिकाऊ असताना संघपालनं आयुष्यात घेतलेला तो पहिला बॅकअप. नागसेनच्या घरी बसून, त्याच्या आईच्या हातचा चहा पीत त्यानं तो घेतला होता, आणि पहिला म्हणून आजवर जपून ठेवला होता. डिस्कवरच्या पट्टीची शाई फिकी झाली होती, तरी वाचता येत होती: नागसेन, उंद्री, ८ ऑगस्ट २०१५.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसवली, पेनड्राइव्हवरून मशीन चालू केली आणि जुनी प्रत चढवायला लावली. तासभर आकडा पुढे सरकत राहिला. मग मशीन बंद होऊन चालू झाली आणि पडद्यावर भीमजयंतीच्या मिरवणुकीतला दोघांचा फोटो आला, गुलालानं माखलेले, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून हसणारे. संघपाललाही हसू आलं. मग त्यानं नेहमीच्या सवयीनं फाईली तारखेप्रमाणे लावल्या आणि सगळ्यात वरची उघडली.

ते मुलाखतीचं पत्र होतं. नागसेनचं असेल म्हणून तो बंद करणार होता, तेवढ्यात नाव दिसलं. इंगळे संघपाल पुंजाजी. लेखी परीक्षेत पहिला क्रमांक. मुलाखत १७ ऑगस्ट, सकाळी अकरा, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. नागसेनचं पत्र त्याच्या खालीच होतं, तीन मिनिटं आधी ईमेलमधून डाउनलोड केलेलं. दोन्ही फाईली ६ ऑगस्टच्या.

संघपालनं ते पत्र चार-पाचदा वाचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण असा वळसा कुणाच्या वाट्याला न येवो. दहा वर्षं त्याचं पत्र त्याच्याच कपाटात होतं, त्यानंच पट्टी लावून जपलेलं. आणि ज्या दिवशी त्यानं ती प्रत काढली त्या दिवशी मुलाखतीला अजून नऊ दिवस होते. ते पत्र जिवंत असताना तो त्याच्यापासून एका बोटाच्या अंतरावर बसला होता, चहा पीत. त्याला आधी राग आला नाही, आधी लाज वाटली. दहा वर्षं आपण स्वतःला नापास समजत आलो, पुढे एकही परीक्षा दिली नाही, कुठे फॉर्म भरायचा म्हटलं की आपल्याला हे जमत नाही म्हणून बाजूला झालो, आणि हे सगळं कशावरून, तर एका माणसाच्या तोंडच्या शब्दावरून. राग मागून आला. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि नागसेनला फोन करून फक्त एवढं सांगितलं, की मशीन झाली, घेऊन जा.

नागसेन कॉलेज सुटल्यावर आला. येताना भजी घेऊन आला होता. संघपालनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. नागसेननं वाचलं, आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"हे अजून राह्यलं होतं?"

मग तो बराच वेळ बोलला. घरची हालत कशी होती, बापाचं आजारपण, बहिणीचं लग्न. तू हुशार, तुला कुठेही लागेल असं वाटलं, मला मात्र ही एकच संधी होती. पत्र आलं त्याच संध्याकाळी सांगणार होतो, मग उद्या म्हटलं, मग मुलाखत झाल्यावर म्हटलं, मग सांगण्यासारखं उरलंच नाही. आणि त्यानंतर तुझ्यासाठी मी काय कमी केलं, ते तूच सांग. त्यानं दुकान मोजलं, गिऱ्हाइकं मोजली, लग्न मोजलं. संघपाल ऐकत होता, आणि एकेक उपकार त्याच्या डोळ्यांदेखत सडत होता. केसानं गळा कापणारे पुष्कळ असतात, पण कापलेल्या गळ्यात वर हार घालणारा हा पहिलाच.

संघपालनं एकच विचारलं. "आठ तारखेले मी त्याच मशीनीवर बसलो होतो. तुले भेव नाही वाटलं?"

नागसेननं मान खाली घातली. "तू कोणाचं काही उघडून पाहत नाही, हे मले मालूम होतं."

 आपला जो गुण आपण छातीवर मिरवला, त्याच्याच आडोशाला या माणसानं आपली लबाडी निवांत ठेवली होती. संघपालनं लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली, दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या आणि पिशवी काउंटरवर ठेवली. खरं सांगायचं तर तो अजूनही थांबला होता. एक शब्द आला असता तर कदाचित तो रडला असता, शिव्या घातल्या असत्या, आणि दोन-चार महिन्यांनी पुन्हा चहाला गेला असता. नागसेननं पिशवी उचलली, दारापर्यंत गेला आणि वळला.

"कॉलेजात नाही ना सांगणार तू?"

संघपालनं नाही म्हणून मान हलवली. तो गेल्यावर भजी तशीच कुत्र्याला घातली.

घरी समताला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी नागसेनला बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मग शांत होऊन म्हणाली, की बाबांना सांगून ये. संघपालला ते नको होतं. उंद्रीला त्याचे वडील, पुंजाजी, एकटेच राहतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या मळ्यात पाणी धरून त्यांनी या एका पोराला शिकवलं. जुनं उकरून त्यांना आता कशाला त्रास द्यायचा, असं त्याचं म्हणणं होतं. पण समता म्हणाली की तो त्रास त्यांचाही आहे, तो त्यांच्यापासून लपवून ठेवायला तू कोण.

रविवारी सकाळी तो मोटरसायकलनं उंद्रीला गेला. निघण्याआधी त्यानं त्या जुन्या डिस्कवरून पत्र छापून घेतलं होतं. पुंजाजी ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होते. पत्र इंग्रजीत होतं आणि इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून संघपालनं एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. पहिला क्रमांक हे त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग हे पत्र कुठे सापडलं, इतकी वर्षं कुठे होतं, तेही त्यानं सांगितलं, अगदी पट्टीवरच्या तारखेसकट.

म्हाताऱ्यानं सूप बाजूला ठेवलं. नागसेनला शिव्या देतील असं संघपालला वाटलं होतं, पण त्यांनी त्याचं नावही काढलं नाही. बराच वेळ ते पत्राच्या कागदावरून अंगठा फिरवत राहिले.

"त्या साली मी तुले एक बोललो होतो," ते म्हणाले. "येवढं शिकवून माती झाली, तुह्या हातून काही होत नाही, असं. चारचौघात बोललो होतो. ध्यानात हाये तुह्या?"

"नाही बाबा," संघपाल म्हणाला. ते खोटं होतं. त्या दिवसानंतर तो बापाच्या समोर कधी ताठ बसला नव्हता.

"माह्या हाये," पुंजाजी म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. सत्तरी ओलांडलेल्या बापानं, ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, पोरापुढे. "मले माफ कर, बापू."

संघपालनं ते जोडलेले हात धरले आणि खाली ओढले. दुकानात जो शब्द ऐकायला तो शेवटपर्यंत थांबला होता तो आला, पण ज्यानं म्हणायचा त्याच्याकडून आला नाही. आणि तेव्हा तो बापाच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.